दख्खनच्या पठारावर हिपॅटायटिस-बी : एका विषाणूची कुळे आणि त्यांचा प्रवास

यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंपैकी हिपॅटायटिस-बी हा विषाणू चिवट मानला जातो, कारण तो काही रुग्णांच्या शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो आणि कसलाही गाजावाजा न करता यकृताचा काठिण्यविकार किंवा कर्करोग यांपर्यंत मजल मारतो. महाराष्ट्रात आणि त्याला लागून असलेल्या बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात त्याला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात; डोळे पिवळे न होताही माणूस आतून आजारी असू शकतो, हे त्या बोलीतल्या नावातून बरोबर पकडले गेले आहे. हा विषाणू जगभर एकच समजला जात असला तरी त्याची कुळे अनेक आहेत, आणि कोणते कूळ कोठे सापडते याचा नकाशा राजकीय नकाशाशी जुळत नाही. उदाहरणार्थ, कमठाणा हे बिदरच्या जवळचे गाव आधी हैदराबाद संस्थानात आणि पुढे 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते, त्यानंतर म्हैसूर राज्यात आणि मग कर्नाटकात आले. मात्र या भागातला माणूस आजही मजुरीसाठी हैदराबाद-पुण्याला, लग्नसंबंधासाठी उदगीर-देवणीला आणि मोठ्या दुखण्यासाठी सोलापूर, लातूर किंवा हैदराबादला जातो. रक्तातून पसरणारा विषाणू याच वाटांनी फिरतो, म्हणून त्याचा अभ्यास एका जिल्ह्याच्या चौकटीत बसत नाही.

या विषाणूचा शोध लागला तोही एका अर्थाने भूगोलामुळेच. अमेरिकी शास्त्रज्ञ बारूक ब्लुम्बर्ग हे रोगाचा शोध घेत नव्हते. वेगवेगळ्या मानवसमूहांच्या रक्तातील प्रथिनांमध्ये काय फरक असतो हे पाहण्यासाठी ते जगभरातून रक्ताचे नमुने गोळा करीत होते. वारंवार रक्त घ्यावे लागलेल्या एका रक्तस्रावी विकाराच्या रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांनी ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तातील अनोळखी प्रथिनाला ओळखले आणि 1965 मध्ये त्या प्रथिनाला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असे नाव मिळाले. हे प्रथिन विषाणूचे बाह्य कवच आहे हे पुढे स्पष्ट झाले, 1970 मध्ये डेव्हिड डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण विषाणूकण पाहिला आणि 1976 मध्ये ब्लुम्बर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाएवढ्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून जी तपासणी होते, आणि दोन रेघा उमटल्या की ‘पॉझिटिव्ह’ म्हणून कागदावर लिहिले जाते, ती तपासणी याच प्रथिनाची असते. ब्लुम्बर्ग यांचा जन्मदिवस 28 जुलै हाच आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

विषाणूची कुळे समजून घेण्यासाठी त्याच्या जनुकीय रचनेकडे वळावे लागते. त्याची सगळी आनुवंशिक माहिती सुमारे 3,200 अक्षरांच्या एका वर्तुळाकार डीएनएमध्ये मावते. माणसाच्या जनुकसंचात अशी सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात हे लक्षात घेतले तर हा मजकूर किती तुटपुंजा आहे हे ध्यानात येते. एवढ्याशा मजकुरात चार जनुके बसवताना निसर्गाने केलेली युक्ती मराठी वाचकाला सभंग श्लेषावरून समजेल : तीच अक्षरे एका ठिकाणी तोडली की एक अर्थ, दुसऱ्या ठिकाणी तोडली की दुसरा अर्थ. बाह्य कवचाचे जनुक तर पूर्णपणे दुसऱ्या एका जनुकाच्या पोटातच लिहिलेले आहे. या दाटीचा परिणाम असा की एखादे अक्षर बदलले तर एकाच वेळी दोन प्रथिने बिघडण्याचा संभव असतो, आणि बहुतेक बदल विषाणूलाच महागात पडतात. दुसरीकडे, स्वतःची नक्कल करताना हा विषाणू आधी आरएनए तयार करतो आणि त्यावरून पुन्हा डीएनए उतरवून घेतो. या उलट्या प्रवासात चूक तपासण्याची सोय नसल्यामुळे चुका सतत होत राहतात. चुका करण्याची सवय आणि चुका न परवडणारी रचना या दोहोंच्या ओढाताणीतून हिपॅटायटिस-बीचे वैविध्य घडले आहे.

प्रारंभी या वैविध्याचे मोजमाप कवचाच्या प्रथिनावरील खुणांवरून, म्हणजे प्रतिपिंडे कोणत्या खुणेला चिकटतात यावरून होत असे. पुढे 1988 मध्ये जपानमधील ओकामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण डीएनएची अक्षरे वाचून तुलना केली आणि ज्या विषाणूंमध्ये 8 टक्क्यांहून अधिक अक्षरे वेगळी आहेत त्यांना स्वतंत्र जनुकप्रकार मानावे असा निकष घातला. त्या वेळी ए, बी, सी आणि डी असे चारच प्रकार हाती आले; नंतर ई, एफ, जी, एच यांची भर पडली आणि अलीकडच्या काळात आय आणि जे हे दोन प्रकारही सुचवले गेले. ज्यांच्यात साधारण 4 ते 8 टक्के फरक आहे त्यांना उपप्रकार म्हणतात आणि ए-1, डी-2 असे क्रमांक देतात. प्रत्येक कुळाला आपली जन्मखूणही आहे. डी प्रकाराच्या कवचाच्या जनुकातून 33 अक्षरे गळालेली असल्यामुळे त्याचा मजकूर 3,182 अक्षरांचा म्हणजे सर्वांत आखूड कुळांपैकी एक आहे, ए प्रकारात गाभ्याच्या जनुकाच्या शेवटी 6 अक्षरे जादा आहेत, तर जी प्रकारात गाभ्याच्या सुरुवातीलाच 36 अक्षरे घुसलेली आहेत.

या कुळांची जगभरची वाटणी ठळक आहे. बी आणि सी हे प्रकार प्रामुख्याने पूर्व आणि आग्नेय आशियात आढळतात, ई पश्चिम आफ्रिकेत, एफ आणि एच अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांत, ए प्रकाराचा पहिला उपप्रकार आफ्रिकेत आणि दुसरा उत्तर युरोपात, तर डी भूमध्य समुद्राभोवती, पश्चिम आशियात आणि भारतात. इराणमध्ये तर जवळजवळ सर्वच रुग्णांत डी सापडतो. भारतात डी सर्वांत अधिक, त्याखालोखाल ए, आणि पूर्व व ईशान्य भागात सी, असे सर्वसाधारण चित्र आहे.

पश्चिम भारताचे चित्र स्पष्ट करण्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा वाटा मोठा आहे. 1952 मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेत विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृतदाहाच्या विषाणूंवर प्रदीर्घ काम केले. त्यांच्या गटाने 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम भारतातील रुग्णांमधील जनुकप्रकार तपासले आणि प्रकाराचा रोगाच्या तीव्रतेशी ठोस संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीतील संशोधकांनी डी प्रकाराच्या रुग्णांत यकृताचा आजार अधिक गंभीर आढळतो असे म्हटले होते. एकाच देशातले दोन अभ्यास असे विरुद्ध दिशेला बोट दाखवतात तेव्हा कोणी तरी एक चुकले असे मानण्याची घाई होते. पण मोठ्या रुग्णालयात येणारा रुग्ण कोणत्या अवस्थेत येतो, त्याचे वय किती, लागण होऊन किती वर्षे झाली, यांवर अशा तुलनेचा निकाल बराच अवलंबून असतो, आणि हे घटक कुळापेक्षा अधिक बोलके ठरू शकतात.

याच संस्थेने ईशान्येकडील डिब्रुगडच्या संशोधकांसमवेत 2010 मध्ये अरुणाचल प्रदेशातील इदु मिश्मी जमातीत एक वेगळाच विषाणू नोंदवला. तो व्हिएतनाम आणि लाओसमध्ये सापडलेल्या आय प्रकाराशी जुळणारा होता. हा प्रकार दोन-तीन कुळांच्या तुकड्यांची सरमिसळ होऊन बनलेला आहे. पूर्व भारतातील पहाडिया जमातीत डी-5 हा उपप्रकार ठळकपणे आढळला. अंदमानातील जारवांमध्ये तर निम्म्याहून अधिक व्यक्तींच्या रक्तात या विषाणूचे कवच सापडले. देशभरातील सर्वसाधारण प्रमाण त्या काळी तीन-चार टक्क्यांच्या आसपास मानले जात असताना बाहेरच्या जगाशी नगण्य संबंध असलेल्या एका छोट्या समूहात ते इतके वाढावे यावरून एक गोष्ट कळते : हा विषाणू पसरायला शहर, दवाखाना किंवा गर्दी यांची गरज नसते, तो घरातल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतो.

बिदरच्या बाबतीत इतिहासाचा मोह अनावर होतो. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून (आजच्या कलबुर्गीहून) बिदरला आली आणि त्यानंतर इराण, खुरासान, गिलान या प्रदेशांतून विद्वान, व्यापारी आणि सरदार यांचा ओघ या पठाराकडे वळला. 1472 मध्ये पुरा झालेला मदरसा बांधणारा महमूद गवान हा मूळचा गिलानचा. त्याच दरबारात आफ्रिकेच्या पूर्व भागातून आलेल्या हबशी सरदारांचेही वजन होते आणि बिदरमधील हबशी कोट या टेकडीचे नाव आजही त्यांची आठवण सांगते. आता इराणमध्ये डी प्रकार, पूर्व आफ्रिकेत ए-1 उपप्रकार, आणि दख्खनवर नेमके हेच दोन प्रकार, अशी जुळणी समोर आली की विषाणू आफाकी (म्हणजे इराणकडून आलेली ही मंडळी) आणि हबशी यांच्याबरोबर बिदरला उतरला असे सांगण्याचा मोह कोणालाही व्हावा.

कथा मोहक असली तरी ती पुराव्यावर टिकत नाही. डी प्रकार काश्मीरपासून तमिळनाडूपर्यंत सगळीकडे आहे, बहमनींचे नावही न ऐकलेल्या पहाडियांमध्ये आहे, आणि भारतात त्याचे अनेक उपप्रकार एकत्र नांदतात. एखाद्या कुळाच्या इतक्या शाखा फुटण्यास पाचशे-सहाशे वर्षे अपुरी पडतात. इटलीत नेपल्सच्या सान दोमेनिको माज्जोरे चर्चमधील सोळाव्या शतकातील एका बालकाच्या ममीतून मिळालेला डी प्रकारचा विषाणू आजच्या डी विषाणूंशी इतका जवळचा आहे की तेवढ्या काळात फारसा बदल झालेलाच दिसत नाही. (त्या बालकाला देवी आल्या होत्या असे आधी मानले जात होते, डीएनए वाचल्यावर निदानच बदलले.) ए-1 उपप्रकाराची गोष्ट थोडी निराळी आहे. दक्षिण आशियातील ए-1 विषाणूंचे मूळ आफ्रिकेत आहे आणि हिंदी महासागरातील व्यापार व गुलामांची ने-आण यांतून तो इकडे आला असावा, असे मत अनेक संशोधकांनी मांडले आहे. मात्र किनाऱ्यावरच्या अनेक बंदरांतून झालेल्या या दीर्घ देवघेवीतील बिदरचा हिस्सा वेगळा काढून दाखवण्याचे साधन कोणाच्याही हाती नाही.

जुन्या सांगाड्यांच्या हाडांतून आणि दातांतून डीएनए काढण्याचे तंत्र आल्यापासून या इतिहासाचा पट फारच लांबला आहे. 2018 मध्ये कांस्ययुगापासूनचे विषाणू वाचले गेले, आणि 2021 मध्ये युरेशिया व अमेरिका येथील 137 प्राचीन विषाणूंच्या अभ्यासातून असे दिसले की गेली किमान दहा हजार वर्षे हा विषाणू माणसाबरोबर आहे. पश्चिम युरेशियात शेतकऱ्यांबरोबर पसरलेले एक कूळ सुमारे चार हजार वर्षे प्रबळ राहिले आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या अखेरीस ते जवळजवळ नाहीसे झाले. आजचा दुर्मीळ जी प्रकार हा त्याचा उरलेला धागा समजला जातो. आज जो नकाशा दिसतो तो या दीर्घ घडामोडीतला फक्त अलीकडचा थर आहे.

कुळाचा फरक रुग्णाच्या दृष्टीने कोठे जाणवतो हे पाहायचे तर एका अक्षराकडे निरखून पाहावे लागते. विषाणू जोमाने वाढत असताना तो रक्तात ‘ई-प्रतिजन’ नावाचे आणखी एक प्रथिन सोडतो आणि ते नाहीसे झाले की विषाणू शांत झाला असे पूर्वी मानले जाई. परंतु विषाणूच्या मजकुरातील 1896 व्या स्थानी जी हे अक्षर जाऊन ए आले की त्या प्रथिनाचे वाक्य मध्येच तुटते. विषाणू तितक्याच जोमाने वाढत राहतो, पण ई-प्रतिजन दिसत नाही. हा बदल सर्व कुळांना सारखा परवडत नाही. 1896 वे अक्षर हे 1858 व्या अक्षरासमोर घडी घालून बसलेले असते. डी प्रकारात समोरचे अक्षर नव्या अक्षराशी नीट जुळते आणि घडी उलट घट्ट होते, तर ए प्रकारात बहुधा तेथे सी असल्यामुळे बदल झाला की घडी उसवते आणि विषाणूची नक्कलच अडखळते. म्हणून डी प्रकार जेथे प्रबळ आहे त्या भूमध्य प्रदेशात आणि भारतात ‘ई-प्रतिजन निगेटिव्ह’ पण सक्रिय असा दीर्घकालीन आजार पुष्कळ आढळतो. अहवालात ‘निगेटिव्ह’ पाहून रुग्ण निर्धास्त होतो आणि पुढच्या तपासण्या टाळतो, ही गोष्ट येथील डॉक्टरांना नवी नाही; अशा वेळी रक्तातील विषाणूचे प्रमाण आणि यकृताच्या विकरांची पातळी ठराविक काळाने मोजणे हाच मार्ग उरतो.

आईकडून बाळाकडे होणाऱ्या संसर्गाचे गणितही याच धाग्याने कुळाशी जोडलेले आहे. पूर्व आशियातील सी प्रकारात स्त्रियांच्या रक्तात ई-प्रतिजन बाळंतपणाच्या वयापर्यंत टिकून राहते, विषाणूचे प्रमाण प्रचंड असते, आणि प्रसूतीच्या वेळीच बाळाला लागण होते. डी आणि ए प्रकारांत ते प्रथिन बहुधा लवकर ओसरते, त्यामुळे भारतात जन्मवेळच्या लागणीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, लागण बालपणाच्या पहिल्या काही वर्षांत घरातल्या संपर्कातून, खरचटलेल्या कातडीतून, एकमेकांच्या वस्तू वापरण्यातून होते असे मानले जाते. वय येथे निर्णायक ठरते : नवजात बाळाला लागण झाली तर सुमारे 90 टक्के बाळांत ती कायमची होते, प्रौढाला झाली तर 5 टक्क्यांहून कमी जणांत. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस जगू शकतो, म्हणून न्हाव्याचा वस्तरा, कान टोचण्याची तार, जत्रेतील गोंदणाची सुई आणि ‘एक इंजेक्शन मारा’ म्हणणाऱ्या रुग्णाला खूश ठेवणाऱ्या झोलाछाप डॉक्टरची उकळून पुन्हा वापरलेली सिरिंज या सर्वांचा हिशेब त्यात धरावा लागतो.

हा शेवटचा मार्ग किती घातक ठरू शकतो हे 2009 च्या आरंभी गुजरातमधील साबरकांठा जिल्ह्यात, मोडासाच्या परिसरात दिसले. तेथील साथीत शेकडो लोकांना लागण झाली आणि ऐंशीहून अधिक मृत्यू झाले. तपासात पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांकडे बोट गेले. पुण्याच्या संस्थेने तपासलेल्या विषाणूत डी प्रकार आणि वर सांगितलेल्या स्वरूपाची उत्परिवर्तने आढळली. अशा विषाणूची नव्याने लागण झालेल्या प्रौढाचे यकृत एकाएकी निकामी होण्याचा धोका वाढतो असे काही अभ्यासांतून दिसले आहे; परंतु इतका मोठा घास घेणारी साथ घडवली ती सुईने, कुळाने नव्हे. डी प्रकार तर देशभर आहे.

उपचार आणि लस यांच्या बाबतीत मात्र कुळांचा फरक जवळजवळ मिटतो. इंटरफेरॉन हे जुने औषध ए आणि बी प्रकारांत अधिक गुणकारी आणि डी प्रकारात कमी, असा अनुभव होता. आता वापरात असलेली टेनोफोव्हिर आणि एन्टेकॅव्हिर ही गोळ्यांची औषधे सर्व प्रकारांवर सारखी चालतात आणि 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. म्हणूनच रोजच्या उपचारात जनुकप्रकाराची तपासणी करून घेण्याची गरज सहसा पडत नाही. लशीतील प्रथिन बहुधा ए-2 या युरोपीय उपप्रकारावरून घेतलेले असले तरी सर्व कुळांच्या कवचावर एक समान भाग असतो आणि प्रतिपिंडे तोच भाग ओळखतात. त्या भागातले एखादे अक्षर बदलून लशीला चकवणारे विषाणू नोंदले गेले आहेत, पण त्यांनी लशीचा उपयोग कोठेही संपवलेला नाही.

लशीच्या इतिहासात बिदरचा शेजार महत्त्वाचा आहे. आयात केलेली लस महाग असल्यामुळे ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. वरप्रसाद रेड्डी यांनी 1993 मध्ये हैदराबादला स्थापन केलेल्या शांता बायोटेक्निक्सने 1997 मध्ये ‘शॅनव्हॅक-बी’ ही जनुकीय तंत्राने बनवलेली पहिली भारतीय लस बाजारात आणली आणि किमती कोसळल्या. पुढे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही या क्षेत्रात उतरली. सरकारी लसीकरणात ही लस 2002-03 मध्ये निवडक जिल्ह्यांत आणि शहरांत आली, 2007-08 मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्रासह दहा राज्यांत, आणि 2011-12 पर्यंत सगळ्या देशात. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील मात्रा आता पंचगुणी लशीतून दिल्या जातात. मात्र जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायची पहिली मात्रा वेगळी असते आणि अडचणी तिथेच येतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात 25 कोटी 40 लाख आणि भारतात सुमारे 2 कोटी 98 लाख लोक या विषाणूसह जगत होते; हा आकडा वाढू नये म्हणून जन्मवेळची ही मात्रा वेळेवर मिळणे महत्त्वाचे आहे. कमठाण्यासारख्या गावातील प्रसूती आता बहुतांशी दवाखान्यात होत असल्या तरी त्या रात्री-अपरात्री, सणासुदीला आणि रविवारीही होतात. लशीची कुपी दहा मात्रांची असते; एका बाळासाठी ती फोडली तर उरलेल्या नऊ मात्रा वाया जातील या धास्तीने परिचारिका लसीकरणाच्या दिवसाची वाट पाहत, आणि तोवर 24 तास उलटून जात. फोडलेली कुपी थंड साखळीत नीट ठेवली तर 28 दिवसांपर्यंत वापरता येते, असा नियम केंद्र सरकारने गेल्या दशकात स्पष्ट केल्यामुळे ही सबब उरलेली नाही. या लशीला उष्णतेपेक्षा गोठण्याचे भय अधिक असते. शीतकपाटात बर्फाच्या भिंतीला टेकलेली कुपी गोठल्याचा संशय आला, तर ती जोराने हलवून, मुद्दाम गोठवलेल्या दुसऱ्या कुपीशेजारी ठेवून तळाशी गाळ किती लवकर बसतो हे पाहायचे असते, आणि दोन्हींत गाळ सारख्याच वेगाने बसला तर संशयित कुपी वापरातून काढून टाकायची असते.